टायटॅनिक का बुडालं हे दाखवणारं १:२०० मॉडेल : कामाच्या नोंदी

५ जानेवारी : प्रमाण ठरवणं

विज्ञान प्रदर्शनांत टायटॅनिकची मॉडेलं भरपूर असतात. चार धुराडी, पिवळे दिवे, सुबक रंगकाम. हे मॉडेल बुडवण्यासाठीच करायचं आहे, त्यामुळे धुराड्यांवर एक रुपयाही खर्च नाही. पाणी कोणत्या कप्प्यातून कोणत्या कप्प्यात जातं ते बाहेरून दिसलं पाहिजे आणि बुडायला लागणारा वेळ खऱ्या वेळेच्या प्रमाणात यायला हवा. एवढंच.

खरी मापं अशी : एकूण लांबी २६९ मीटर, रुंदी २८.२ मीटर, पाण्याखालचा भाग १०.५ मीटर, भरलेल्या जहाजाचं वजन सुमारे ५३,००० टन. १:२०० ने लांबी १३४.५ सें.मी., रुंदी १४.१ सें.मी. आणि पाण्याखाली ५.३ सें.मी. वजन मात्र २०० च्या घनाने, म्हणजे ८० लाखांनी भागायचं. गोड्या पाण्यात साडेसहा किलो येतं.

वेळ २०० च्या वर्गमुळाने, म्हणजे १४.१ ने कमी होते. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११:४० ला धडक, पहाटे २:२० ला जहाज पाण्याखाली. १६० मिनिटांची सव्वाअकरा मिनिटं झाली. बघणारा माणूस तेवढा वेळ उभा राहतो.

१:१०० करावं तर मॉडेल पावणेतीन मीटरचं आणि पन्नास किलोच्या वर. १:४०० केलं तर भोकं इतकी बारीक होतात की पृष्ठताणामुळे पाणी आतच येत नाही. म्हणून १:२००.

आता भोक. हे जहाज बांधणाऱ्या बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीतले अभियंते एडवर्ड वाइल्डिंग यांनी १९१२ च्या ब्रिटिश चौकशीत हिशोब मांडला होता. पहिल्या चाळीस मिनिटांत सुमारे १६,००० टन पाणी आत आलं, त्यावरून सगळ्या फटींचं मिळून क्षेत्रफळ सुमारे १२ चौरस फूट निघतं, म्हणजे १.१ चौरस मीटर. घराच्या दारापेक्षाही कमी. लोकांच्या डोक्यात तीनशे फुटांची फाडलेली चीर बसलेली आहे. तेवढी लांब आणि हातभर रुंद चीर असती तर जहाजाला अडीच तास मिळालेच नसते. १९९६ मध्ये गाळात रुतलेली बाजू ध्वनिलहरींनी तपासली तेव्हाही सहा अरुंद फटीच दिसल्या. पत्र्यांचे सांधे दबून रिव्हेटं निघाली आणि फटी उघडल्या, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात.

१२ चौरस फुटांना २०० च्या वर्गाने भागलं की मॉडेलमधल्या सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ येतं २८ चौरस मि.मी. हा आकडा भिंतीवर लावून ठेवला आहे. पुढचं सगळं काम त्याच्याभोवती फिरणार.

७ जानेवारी : सनबोर्डचा कच्चा खोका

अ‍ॅक्रिलिक कापण्याआधी ५ मि.मी. सनबोर्डचा खोका करून पाहिला. सरळ आयत, सारखे सोळा कप्पे, सांध्यांना रुंद सेलोटेप. खर्च साडेतीनशे रुपये. चाचणी लहान मुलांच्या फुगवायच्या टबात.

पुढचे चार कप्पे भरले आणि खोका तळाला गेला. खरं टायटॅनिक पुढचे चार कप्पे भरूनही तरंगायला हवं होतं, तसंच त्याचं गणित होतं. कारण उघड आहे. खोक्याचा पहिला कप्पा बाकीच्यांइतकाच मोठा होता. खऱ्या जहाजाचं नाक निमुळतं असतं, त्यामुळे सगळ्यात पुढच्या कप्प्यात फार कमी पाणी मावतं आणि त्यामागचा पहिला माल-कप्पाही अरुंदच. शिवाय तिथे भरलेलं पाणी मध्यापासून सगळ्यात लांब असल्याने नाक दाबण्याची त्याची ताकद सगळ्यात जास्त. तिथे दुप्पट पाणी मावलं की सगळा हिशोब बिघडतो.

ज्यांना फक्त ‘कप्पे भरले की बुडतं’ एवढंच दाखवायचं आहे त्यांना हा खोका चालेल. ‘चार चालतात, पाच नाही’ हे दाखवायचं असेल तर नाक निमुळतं करणं टाळता येत नाही.

११ जानेवारी : अ‍ॅक्रिलिक

३ मि.मी. पारदर्शक अ‍ॅक्रिलिक. दुकानात सहसा ४ बाय ३ फुटांचा तुकडा पुढे करतात, पण चार फूट म्हणजे १२२ सें.मी. आणि आपल्याला लांबी हवी १३४.५. जोड दिला तर तो नेमका बॉयलर रूमच्या खिडकीसारख्या दिसणाऱ्या भागात येतो. म्हणून ८ बाय ४ चा आख्खा शीट घेतला, २,७०० रुपये. उरलेल्यातून पंधरा बल्कहेड (कप्पे वेगळे करणाऱ्या आडव्या भिंती) आणि डेक निघाले.

नाक आणि शेपटीकडच्या बाजू वाकवायला नायक्रोम तारेची पट्टी वापरली. तारेपासून तुकडा ६–७ मि.मी. वर धरायचा, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून तापवायचा. घाई केली की आत बुडबुडे येतात आणि तो भाग कायमचा धुरकट होतो. एक बाजू अशीच वाया गेली.

तळ सपाट आणि बाजू उभ्या ठेवल्या. खऱ्या जहाजाच्या तळाच्या कडा गोलाकार असतात, त्यामुळे आपल्या मॉडेलचं वजन साडेसहाऐवजी ७.१ किलो केल्यावरच ते ५.३ सें.मी. खोल बसतं. वजन जुळवण्यापेक्षा खोली जुळवणं महत्त्वाचं, कारण पाण्याचा दाब खोलीवर ठरतो. ७.१ स्वीकारलं.

१४ जानेवारी : चिरा

लेझरने कापलेले बल्कहेड क्लोरोफॉर्मने चिकटवले. दुसऱ्या दिवशी कडेपासून आत जाणाऱ्या केसाएवढ्या चिरांचं जाळं. लेझरच्या उष्णतेने कडेला ताण साठतो आणि द्रावण लागलं की तो ताण चिरांच्या रूपाने सुटतो. करवतीने कापलेल्या तुकड्यांना असं होत नाही.

उपाय दोन. कडा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून जळका थर काढायचा, किंवा सगळे तुकडे ओव्हनमध्ये ८० अंशांवर दोन तास ठेवून ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्यायचे. दोन्ही केलं. सहा बल्कहेड पुन्हा कापावे लागले, लेझरवाल्याचे ४८० रुपये जास्तीचे.

क्लोरोफॉर्म उघड्यावरच वापरा. बंद खोलीत नाही, मुलांच्या हातात तर मुळीच नाही.

१७ जानेवारी : बल्कहेडची उंची

या मॉडेलमधलं सगळ्यात महत्त्वाचं माप हेच.

टायटॅनिकला पंधरा आडव्या जलरोधक भिंती, म्हणजे सोळा कप्पे. पुढच्या दोन आणि मागच्या भिंती डी डेकपर्यंत गेलेल्या, मधल्या मात्र त्याखालच्या ई डेकपर्यंतच. ई डेक म्हणजे जलरेषेच्या वर जेमतेम तीनेक मीटर. वर झाकण नाही. भिंतीच्या माथ्यावरून पाणी पलीकडे सांडू शकतं. वरचे मजले प्रवाशांचे, तिथे लांबच लांब मोकळे मार्ग हवे होते.

मॉडेलमध्ये तीन मीटरचे १५ मि.मी. होतात. मधले बल्कहेड ६८ मि.मी., पुढचे दोन आणि मागचे ८२ मि.मी. बाहेरची बाजू १०० मि.मी. पहिला पुठ्ठ्याचा साचा कापला तेव्हा दुहेरी तळाचे ८ मि.मी. मोजायचे राहिले होते, त्यामुळे सगळे बल्कहेड ८ मि.मी. उंच बसत होते. खऱ्या जहाजाच्या हिशोबाने हे दीड मीटर झालं. एवढ्या फरकाने मॉडेल पाच कप्पे भरूनही तरंगलं असतं आणि आपण टाळ्या वाजवल्या असत्या. मापं तळापासून घेतली आहेत की आतल्या फरशीपासून, हे प्रत्येक तुकड्यावर लिहून ठेवा.

२० जानेवारी : गळती

प्रत्येक कप्पा एकेक करून भरून, शेजारच्यात टिश्यू पेपर ठेवून रात्रभर सोडला. सात सांधे ओले.

आधी सिलिकॉन भरलं. काचेच्या टाकीसाठी वापरतात ते आंबट वासाचं सिलिकॉन अ‍ॅक्रिलिकला नीट धरत नाही, नखाने पट्टीसारखं निघून येतं. ते खरवडून काढण्यात एक दिवस गेला. मग अ‍ॅक्रिलिकचा भुसा क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून मधासारखा घट्ट केला आणि इंजेक्शनच्या सिरिंजने (सुई न लावता) कोपऱ्यात बारीक गोलाई दिली. चोवीस तास वाळू दिलं. गळती थांबली.

हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका. एक बल्कहेड झिरपत असेल तर मॉडेल कशामुळे बुडालं हे सांगताच येत नाही.

२३ जानेवारी : बॉयलर

रिकामे कप्पे भरले की खऱ्यापेक्षा जास्त पाणी मावतं, कारण खऱ्या जहाजात बॉयलर, कोळसा आणि माल यांनी जागा अडवलेली होती. टायटॅनिकवर २९ बॉयलर. दुतोंडी २४, त्यांचा व्यास सुमारे ४.८ मीटर आणि लांबी सहा मीटर, एकतोंडी पाच. १:२०० ने दुतोंडी बॉयलर येतो २४ मि.मी. व्यासाचा, ३० मि.मी. लांब. शेतात वापरायचा २५ मि.मी. पीव्हीसी पाइप त्यासाठी अगदी बेताचा. ३० मि.मी. चे तुकडे, दोन्ही तोंडं सनबोर्डच्या चकत्यांनी बंद करून वरून एपॉक्सी. बॉयलर रूम ६ मध्ये (ही सगळ्यात पुढची, क्रमांक मागून मोजतात) चार, ५ ते २ मध्ये प्रत्येकी पाच, १ मध्ये पाच आखूड तुकडे. फरशीला पक्के चिकटवायचे, नाहीतर तरंगून वर येतात आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं.

माल-कप्प्यांत थर्मोकोलचे ठोकळे, तेही चिकटवून. साधारण एक तृतीयांश जागा अडेल इतके.

२६ जानेवारी : वजन कुठे ठेवायचं

अ‍ॅक्रिलिक, बॉयलर, गोंद मिळून ३ किलोच्या आसपास. उरलेल्या चार किलोंसाठी लोखंडी पट्ट्या दुहेरी तळात टाकल्या. मॉडेल पाण्यात सोडलं तर ढकलूनही कलेना. २० ग्रॅमचं वजन काठावर ठेवून कल मोजला, अर्धा अंशही नाही. खरी प्रवासी जहाजं अशी ताठ नसतात. प्रवाशांना त्रास होऊ नये म्हणून ती मुद्दाम सावकाश डोलणारी बांधतात, म्हणजे स्थैर्य बेताचंच ठेवतात.

मग बहुतेक पट्ट्या वर, डेकखाली नेल्या. आता उलटं झालं. पुढच्या कप्प्यांत पाणी आलं, ते एका बाजूला सरकलं आणि दुसऱ्याच मिनिटाला मॉडेल कुशीवर. खऱ्या टायटॅनिकचा कल सुरुवातीला उजवीकडे पाचेक अंश आणि शेवटी डावीकडे दहाच्या आसपास होता, ते कलंडलं नाही. कारण त्याच्या कप्प्यांत लांबीच्या दिशेने भिंती नव्हत्या, पाणी या कुशीपासून त्या कुशीपर्यंत सारखं पसरत होतं. लुसितानिया या ब्रिटिश प्रवासी जहाजाला दोन्ही कुशींना कोळशाचे लांबट बंकर होते. १९१५ मध्ये पाणतीराने एक कूस भरली, जहाज एकीकडे झुकलं आणि १८ मिनिटांत गेलं, बऱ्याच होड्या सोडताही आल्या नाहीत. आपल्याकडची १७ जुलै १९४७ ची ‘रामदास’ तर भोक न पडताच गेली. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली बोट लाटेने झुकली, माणसं एका बाजूला लोटली गेली आणि सहाशेहून अधिक जीव गेले.

तडजोड म्हणून दीड किलो वर, अडीच किलो तळात. २० ग्रॅमला दीड अंश कल येतो. खऱ्यापेक्षा हे थोडं ताठ आहे, पण वरचे मजले आणि खोल्या मॉडेलमध्ये नाहीत म्हणून एवढं हवंच.

पट्ट्या चिकटवा. सुट्या पट्ट्या नाक खाली गेलं की घसरून पुढे येतात आणि मॉडेल दगडासारखं जातं.

२९ जानेवारी : भोकं

चिरेची रुंदी मॉडेलमध्ये मि.मी.च्या दशांशाहून कमी येते, तशी फट पाडणं अशक्य. गोल भोकं पाडली, उजव्या बाजूला, तळापासून १५ मि.मी. वर (खऱ्या जहाजात तीन मीटर).

सगळ्यात पुढचा कप्पा २ मि.मी., माल-कप्पा क्र. १ मध्ये २ मि.मी., क्र. २, क्र. ३ आणि बॉयलर रूम ६ मध्ये प्रत्येकी ३ मि.मी., बॉयलर रूम ५ मध्ये १ मि.मी. बेरीज २८.३ चौरस मि.मी.

शेवटचं बारीक भोक का, ते सांगायला हवं. नुकसान बॉयलर रूम ६ च्या मागची भिंत ओलांडून फक्त दोनेक फूट पुढे गेलं होतं. फ्रेड बॅरेट हा आगवाल्यांचा मुकादम ६ मधून उडी मारून ५ मध्ये गेला, तिथेही भिंतीलगतच्या बंकरमध्ये पाणी येताना त्याने पाहिलं. ती दोन फुटं नसती तर काय झालं असतं, हे पुढे करून बघायचं आहे.

अ‍ॅक्रिलिकला साध्या ड्रिल बिटने भोक पाडताना बिट पलीकडे निघते तेव्हा टवका उडतो. मागे लाकडाचा तुकडा दाबून धरायचा, वेग कमी, मध्ये मध्ये पाण्याचा थेंब. भोकं आतून इन्सुलेशन टेपने बंद केली, टेपला दोरा बांधून दोरा डेकवर आणला. सगळे दोरे एका काडीला. काडी ओढली की धडक.

१ फेब्रुवारी : पहिली धडक

काडी ओढली. पाणी थोडं आलं आणि थांबलं. दहा मिनिटांनीही मॉडेल मजेत तरंगत होतं.

डेक घट्ट बसवल्यामुळे हवा बाहेर पडत नव्हती. कप्प्यात दाबलेल्या हवेने पाणी अडवलं. जहाज लहान केलं तरी हवेचा दाब लहान होत नाही, त्यामुळे मॉडेलमध्ये अडकलेली हवा खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त जोर धरते. प्रत्येक कप्प्यावर ८ मि.मी. चं हवेचं भोक पाडलं. ६ मि.मी. ने आवाज करत हवा निघत होती, म्हणजे अजून अडत होती.

दुसरी अडचण बॉयलर रूम ५ च्या १ मि.मी. भोकाची. तिथे पाण्याचा फुगवटा धरून बसायचा, आत यायचाच नाही. पृष्ठताण. भांडी घासायच्या लिक्विडचं बोट आतून फिरवून वाळवलं, आणि भोक १.२ केलं. चालू झालं. बल्कहेडच्या माथ्यांनाही तेच बोट फिरवलं, कारण पाणी माथ्यावर तीनेक मि.मी. फुगून थांबत होतं, म्हणजे खऱ्यातलं अर्धा मीटरहून जास्त. टाकीच्या पाण्यातच लिक्विड मिसळू नका, फेसात काही दिसत नाही.

३ फेब्रुवारी : टाकी

फुगवायच्या टबात बाजूने दिसत नाही. शोभेचे मासे विकणाऱ्याकडून १८० × ४५ × ४५ सें.मी. ची काचेची टाकी आठवड्याच्या भाड्याने, ३,००० रुपये आणि अनामत वेगळी. ४० सें.मी. भरली की सव्वातीनशे लिटर. शाळेच्या बाकावर ठेवायचा विचारही करू नका, आधी लोखंडी स्टँड बघा. काचेखाली थर्मोकोल शीट आणि टाकीच्या आत तळाला रबरी मॅट, कारण मॉडेलचं नाक काचेवर आपटतं.

४० सें.मी. पाण्यात १३४ सें.मी. चं जहाज उभं बुडू शकत नाही. नाक तळाला टेकतं तेव्हा कोन १७–१८ अंशांचा असतो. टायटॅनिक मोडलं ते बुडण्याआधी दोन-तीन मिनिटं, आणि मोडतानाचा कोन आता पूर्वी समजत त्याहून बराच कमी, वीसच्या आसपास धरतात. त्यामुळे नाक टेकलं की घड्याळ थांबवायचं असं ठरवलं. खरी वेळ १५७ मिनिटं धरली तर मॉडेलमध्ये ११ मिनिटं ६ सेकंद. मोडणं दाखवायच्या फंदात पडलो नाही. अ‍ॅक्रिलिकची ताकद २०० पट कमी करता येत नाही आणि बिजागरी लावून मोडलं तर ते नाटक होतं.

६ फेब्रुवारी : रंग आणि मोजणी

बाहेरचं पाणी स्वच्छ, आत येणारंही स्वच्छ, त्यामुळे पातळी दिसत नाही. पोटॅशियम परमँगनेट वापरलं तर तपकिरी डाग पडले, निघता निघत नाहीत. मग खाण्याचा कोरडा रंग चिमूटभर प्रत्येक कप्प्यात: माल-कप्पे लाल, बॉयलर रूम ६ निळा, ५ पिवळा. पाणी आत आलं की रंगतं. पिवळ्या कप्प्यात वरून निळं सांडायला लागलं की तिथे बोट दाखवावं लागत नाही, बघणारेच ओरडतात.

प्रवाह तपासला. हिशोबाने सुरुवातीला सेकंदाला १४ मि.ली. आणि पहिल्या २ मिनिटं ५० सेकंदांत (खरी चाळीस मिनिटं) सुमारे दोन लिटर यायला हवेत. आले १.९. याहून जवळ जायची गरज नाही.

८ फेब्रुवारी : चार आणि पाच

पुढचे चार कप्पे उघडले, बाकीचे बंद. नाक खाली गेलं, बॉयलर रूम ६ च्या पुढच्या भिंतीचा माथा पाण्याच्या चार-पाच मि.मी. वर राहिला आणि तिथेच थांबलं. अर्धा तास ठेवलं, तसंच.

पाचवा, म्हणजे बॉयलर रूम ६, उघडला. नाक अजून खाली, पुढचा माथा बुडाला, मग निळ्या पाण्याने मागचा माथा ओलांडला आणि पिवळा कप्पा वरून भरायला लागला. तो भरला की त्यामागचा. इथून पुढे भोकं बुजवली तरी उपयोग नाही. बुजवून पाहिली, बुडालंच. जहाजाचे रचनाकार थॉमस अँड्र्यूज यांनी खाली फिरून कप्पे पाहिले आणि कप्तान स्मिथना तास-दीड तास सांगितला तो यामुळेच. त्यांना भोक किती मोठं आहे ते बघायची गरज नव्हती, किती कप्पे ओले आहेत एवढं मोजणं पुरलं.

आणि ती दोन फुटं? फक्त पाच उघडून, बॉयलर रूम ५ चं भोक बंद ठेवूनही मॉडेल बुडालं, तीनेक मिनिटं उशिरा.

१० फेब्रुवारी : पंप

‘पंप का लावले नाहीत?’ हा प्रश्न येणारच म्हणून पाच व्होल्टचा छोटा पंप आत ठेवला. मॉडेल बुडेचना! तो पंप तासाला १२० लिटर ओढतो, म्हणजे सेकंदाला ३३ मि.ली., आणि आत येतात १४. टायटॅनिकचे पाच बॅलास्ट पंप (तोल राखण्यासाठी भरलेल्या पाण्याचे) ताशी २५० टनांचे आणि तीन बिल्ज पंप (तळाला साचलेलं पाणी काढणारे) ताशी १५० टनांचे, सगळे मिळून १,७०० टन. प्रमाणात आणायला ५ लाख ६५ हजारांनी भागायचं (२०० चा अडीचावा घात). येतं सेकंदाला ०.८ मि.ली. म्हणजे जेवढं येत होतं त्याच्या सतराव्या हिश्शाएवढं काढायची ताकद, तीही सगळे पंप एकाच जागी लावता आले असते तर.

बारा व्होल्टचा नळी चिरडत पाणी ढकलणारा पंप आणला, ५५० रुपये, नियंत्रकाने मिनिटाला ५० मि.ली. वर बसवला. फरक पडला अर्ध्या मिनिटाचा. नुसत्या बॉयलर रूम ५ च्या भोकाला मात्र तो जवळपास पुरतो. खऱ्या जहाजावरही तिथे काही काळ पाणी आवाक्यात होतं.

१३ फेब्रुवारी : पूर्ण चाचणी

सहाही भोकं, पंप चालू. नाक टेकलं ९ मिनिटं ४० सेकंदांनी, हवे होते ११ मिनिटं ६ सेकंद. पाणी एका वेगाने चढत नाही. पहिली तीन मिनिटं झपाट्याने, मग भोकांच्या आतली आणि बाहेरची पातळी जवळ येते आणि नाक जवळजवळ थबकतं. बघणाऱ्यांना वाटतं, वाचलं. खऱ्या रात्रीही मधला बराच काळ असाच गेला आणि सुरुवातीच्या होड्या अर्ध्या रिकाम्या उतरल्या. पाणी माथ्यांवरून सांडायला लागलं की मग शेवटची दोन मिनिटं पळतात.

दीड मिनिट कमी पडलं ते वरच्या डेकमुळे. खऱ्या जहाजात पाण्याला जिने, बोळ आणि केबिनची दारं यांतून वाट काढावी लागली, आपल्या डेकवर मोकळं मैदान. डेकखाली पुठ्ठ्याच्या आडव्या पट्ट्या लावून वेळ १०:२० पर्यंत नेली. पुठ्ठा भिजून फुगतो; पुढे सनबोर्ड.

१६ फेब्रुवारी : दारं उघडी

बल्कहेडच्या तळाशी १० मि.मी. ची भोकं आणि रबरी बुचं. सगळी बुचं काढून चाचणी. ‘दारं उघडी ठेवली असती तर जहाज सपाट बुडालं असतं आणि जास्त वेळ मिळाला असता’ असं म्हणणारे बरेच असतात. मॉडेलमध्ये पाणी आख्ख्या तळावर पातळ पसरलं, जरा कल येताच सगळंच्या सगळं त्या बाजूला धावलं आणि पाचव्या मिनिटाला मॉडेल आडवं. शिवाय खऱ्या जहाजात पाणी सगळ्या बॉयलर रूम आणि विजेच्या यंत्रांपर्यंत लवकर पोचलं असतं. दिवे शेवटपर्यंत जळले ते मागचे कप्पे कोरडे राहिले म्हणून.

समोरून धडक हीही एक चाचणी झाली. पहिला कप्पा पूर्ण उघडा, दुसरा अर्धा. मॉडेलला फारसं काही झालं नाही. वाइल्डिंग यांनीही चौकशीत हेच सांगितलं होतं, आणि १८७९ मध्ये ‘अ‍ॅरिझोना’ ही आगबोट हिमनगावर नाकानेच आदळून, नाक चेपून, सेंट जॉन्स बंदराला पोचली होती. पण समोर हिमनग दिसल्यावर सुकाणू न वळवणारा अधिकारी कुठून आणणार?

१९ फेब्रुवारी : उंच बल्कहेड

१९१२–१३ च्या हिवाळ्यात ‘ऑलिंपिक’ला, म्हणजे जुळ्या जहाजाला, आतून दुसरी भिंत बसवली आणि काही बल्कहेड बी डेकपर्यंत नेले. पुढचे सहा कप्पे भरले तरी तरंगायचं, असं उद्दिष्ट. मॉडेलमध्ये पाच बल्कहेडवर ३२ मि.मी. च्या पट्ट्या चिकटवून थेट डेकला भिडवल्या. तीच सहा भोकं. नाक डेकपर्यंत खाली गेलं, तिथेच राहिलं. चाळीस मिनिटांनी बाहेर काढलं.

मग त्याच मॉडेलच्या बाजूला, जलरेषेपासून २५ मि.मी. वर, ३ मि.मी. च्या भोकांची रांग पाडली आणि उघडी ठेवली. नाक खाली जाताच रांग पाण्यात आली आणि उंच बल्कहेडच्या मागचे कप्पे बाहेरूनच भरायला लागले. ‘ब्रिटानिक’ला, म्हणजे तिसऱ्या जुळ्या जहाजाला, हे सगळे बदल बांधतानाच केलेले होते. २१ नोव्हेंबर १९१६ ला एजियन समुद्रात सुरुंग लागला, वारा यावा म्हणून उघडलेल्या खिडक्या तशाच राहिल्या होत्या, शिवाय एक जलरोधक दार नीट मिटलं नाही. ५५ मिनिटांत गेलं.

रांगेतली भोकं बुजवायला मेणाच्या गोळ्या पुरतात, एपॉक्सी नको. प्रदर्शनात दोन्ही दाखवायचं आहे.

२२ फेब्रुवारी : पुन्हा पुन्हा बुडवण्यासाठी

प्रदर्शनात तासाला तीनदा बुडवायचं तर रिकामं करायला वेळ लागू नये. प्रत्येक कप्प्याच्या फरशीत ८ मि.मी. भोक आणि रबरी बूच. मॉडेल उचलताना आत पाणी असेल तर वजन दहा किलोच्या वर जातं आणि मधोमध धरलं तर डेकचा सांधा सुटतो. दोघांनी, दोन टोकांना, पट्ट्यांखाली हात घालून. बुचं काढून पाच मिनिटं, मग कोरड्या कापडाने रंग पुसायचा, नवा चिमूटभर टाकायचा, टेप नवी. जुनी टेप ओल्या अ‍ॅक्रिलिकला चिकटत नाही आणि धडकेआधीच गळायला लागते.

भाडं, वाया गेलेले तुकडे आणि पंप धरून खर्च साडेनऊ हजारांच्या आसपास. टाकी स्वतःची असेल तर साडेसहा.